वहिनींचा उजवा गुडघा

रोह्याच्या अष्टमी भागातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत माझं ऑफिस आहे. एक रुंद टेबल, दोन स्क्रीन, इन्व्हर्टर आणि भिंतीवर त्या आठवड्याच्या कामांची यादी. खिडकीतून कुंडलिकेवरच्या पुलाचं टोक दिसतं. या खोलीत बसून मी माणसांच्या कंबरेचा आणि पायांचा सांगाडा संगणकावर उभा करते.

हे सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे तुम्ही डॉक्टर?" मी डॉक्टर नाही. मी डिप्लोमा केलेली ड्राफ्ट्समन. एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत मी बरीच वर्षं पाइपांची ड्रॉइंग केली. पाइप कुठून येतो, कुठे वळतो, वळताना शेजारच्याला लागतो का, हे बघणं माझं काम होतं. पुढे कंपनीने ड्रॉइंग ऑफिस मुंबईला हलवलं. मला रोहा सोडायचं नव्हतं. मी नवं सॉफ्टवेअर शिकले, पुण्याच्या एका छोट्या कंपनीची परीक्षा दिली आणि पाइपांवरून हाडांवर आले. माझ्या नवऱ्याने तेव्हा विचारलं होतं, "जमेल?" मी म्हटलं, "लागतं की लागत नाही, एवढंच तर बघायचं आहे. फक्त पाइपाऐवजी हाड."

काम असं चालतं. ज्यांचा खुबा बदलायचा आहे, त्यांचं सीटी स्कॅन माझ्याकडे येतं. काकडीच्या चकत्या कराव्यात तसे कंबरेपासून घोट्यापर्यंतचे आडवे काप असतात. प्रत्येक कापात हाड कुठे संपतं, ते दाखवायचं. पुष्कळसं संगणक करतो. पण खुब्यात जिथे मांडीच्या हाडाचा गोळा आणि तो ज्यात फिरतो ती कंबरेची वाटी घासून एकमेकांना चिकटल्यासारखी दिसतात, तिथे संगणक गडबडतो आणि दोन्ही हाडं एकच समजतो. तिथली रेघ हातानेच ओढावी लागते, एकेका कापावर. मग सगळे काप एकावर एक रचले की डॉक्टर ज्याला पेल्विस म्हणतात तो कंबरेचा कटोरा आणि त्याला टांगलेले दोन पाय स्क्रीनवर उभे राहतात. त्यात नवी धातूची वाटी आणि नवा गोळा बसवायचा आणि त्या सांगाड्याला चालवायचं, बसवायचं, जिना चढवायचा. धातू कुठे धातूला लागला तर तो भाग लाल होतो. लाल झालं म्हणजे खऱ्या माणसात गोळा वाटीतून निसटण्याची भीती. मग वाटीचा कोन बदलायचा आणि पुन्हा सगळं करून बघायचं. शेवटचा निर्णय सर्जनचा. पण त्यांच्यासमोर जो सांगाडा जातो, तो माझा असतो, आणि तो चोख असतो.

आता वहिनी. माझी थोरली जाऊ. पेणला मोठ्या दिरांचा गणपतींचा कारखाना आहे, आणि त्या कारखान्यात डोळ्यांची आखणी वहिनी करतात. मूर्ती रंगून, दागिने होऊन, सगळं झाल्यावर शेवटी डोळे. गिऱ्हाईक मूर्ती घेताना आधी डोळे बघतं. आमच्या कारखान्याची मूर्ती ओळखायची ती डोळ्यांवरून, असं बाजारात म्हणतात, आणि दीर ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतात.

वहिनींची बसायची एक पद्धत. डावी मांडी जमिनीवर आडवी, उजवा गुडघा उभा. मूर्ती समोरच्या पाटावर. उजवं कोपर त्या उभ्या गुडघ्यावर टेकवायचं आणि कुंचला चालवायचा. कोपर हलत नाही, म्हणून रेघ हलत नाही. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून त्या अशाच बसतात.

त्यांच्या उजव्या खुब्यातल्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडला. आधी मांडीत कळ, मग लंगडणं, मग असं झालं की गुडघा उभा करायचा तर दोन्ही हातांनी उचलून ठेवावा लागे, आणि ठेवला तरी फार वेळ राहत नसे. त्या वर्षी निम्म्या मूर्तींचे डोळे दुसऱ्यांकडून करून घेतले. वहिनी त्या मूर्तींकडे बघायच्या आणि तोंड फिरवायच्या.

मी व्यवहारी बाई आहे. मी रोह्याहून गाडीत घालून एक फिरती खुर्ची आणि उंची कमीजास्त करता येणारं टेबल नेलं. खांब गावाच्या पुढे हायवेच्या खड्ड्यांत खुर्चीचं एक चाक निखळलं, ते पेणला जाऊन बसवलं. वहिनी खुर्चीवर बसल्या. मूर्ती टेबलावर. कुंचला उचलला आणि कोपर कुठे ठेवावं ते त्यांना कळेना. टेबलाच्या कडेवर ठेवलं, उशीवर ठेवलं. एक डोळा आखला आणि थांबल्या.

"बघ गो," त्या म्हणाल्या. "बाप्पा दुपारी जेवून झोपायला निघालाय."

खरंच तसाच दिसत होता. दीर हसायला लागले, वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं आणि ते हसायचे थांबले. खुर्ची मी तिथेच ठेवली. तिच्यावर आता रंगांचे डबे असतात.

सर्जननी तपासलं आणि सांगितलं, खुबा बदलू, दुखणं जाईल, चालणं सरळ होईल. पुढे म्हणाले, "जमिनीवर बसणं मात्र बंद. खुर्ची, कमोड, पलंग."

वहिनींनी पदर नीट केला आणि म्हणाल्या, "मग नको."

"काय नको?"

"ऑपरेशन नको. लंगडत चालेन. चालून मला कुठं जायचंय? माझं काम बसून हाय."

दवाखान्यातून बाहेर आल्यावर दिरांनी समजूत घालून बघितली. "अगं, दुखतंय किती तुला. आखणी करायला माणसं मिळतात."

"मिळतात ना? मग त्यांनाच करा बायको," वहिनी म्हणाल्या. दीर गाडीची किल्ली चाचपू लागले.

घरी आल्यावर मी यादी केली. माझ्यासमोर एकच प्रश्न होता: नवा खुबा बसवल्यावर उजवा गुडघा उभा करून बसलं, तर धातू लागतो का? "बसायचं नाही" हा सगळ्यांसाठीचा सरसकट नियम. मला वहिनींच्या कंबरेचं उत्तर हवं होतं. मी सर्जनना फोन केला, त्यांनी केस आमच्या कंपनीकडे पाठवली. पेशंट माझी जाऊ आहे, हे मी पुण्याला लेखी कळवलं आणि माझं काम दुसऱ्या कोणीतरी वेगळं तपासावं असंही कळवलं. घरच्या माणसाच्या कामात दोन पायऱ्या जास्तच असाव्यात.

सीटी आलं. सोबत दोन एक्स-रे लागतात, बाजूने काढलेले. एक उभं राहून, एक बसून. उभ्याचा बसता झाल्यावर कंबरेचा कटोरा किती कलतो, ते त्यातून कळतं. प्रत्येकाचा वेगळा कलतो. ते दोन्ही एक्स-रे वहिनींनी पेणलाच काढले.

उभ्याचा ठीक होता. बसल्याचा उघडला आणि मला वाटलं, फाइल बिघडली. कटोरा एवढा मागे कललेला की मी पाहिलेल्या कुठल्याच केसशी जुळेना. एक मांडी आडवी, दुसरी जवळजवळ छातीकडे. मी सॉफ्टवेअर बंद करून चालू केलं. तेच चित्र. मग शंका आली आणि मी फोन लावला.

"वहिनी, एक्स-रेला कशा बसला होतात?"

"बसतात तशी. का गो? वाकडी आली काय?"

"पाय खाली सोडले होते का?"

"खाली कुठं सोडू? तो बाकडा एवढा उंच, पाय पोचत नव्हते माझे. आणि दवाखान्यात चार लोकांसमोर पाय हलवत बसायचं काय, झोपाळ्यावर बसल्यासारखं? घेतले वर."

"आणि उजवा गुडघा?"

"हातांनी उचलून ठेवला. दुखला मेला."

"तो एक्स-रेवाला काही म्हणाला नाही?"

"म्हणला, बसा आणि हलू नका. मी नाय हलले."

मी कपाळाला हात लावला. "वहिनी, परत काढावा लागेल. खुर्चीवर बसून. पाय जमिनीला टेकलेले हवेत. नाही टेकले तर खाली पाट घ्या."

"बसा म्हणले तर बसले. आता बसले त्याचं पण चुकलं," वहिनी दिरांना सांगत होत्या ते मला ऐकू आलं. मग माझ्याशी: "येते काढून. पण रिक्षाने जाणार, सांगून ठेवते."

दुसरा एक्स-रे आला. अगदी पुस्तकात असतो तसा. पहिला मी "रद्द" नावाच्या फोल्डरमध्ये टाकला. केस संपेपर्यंत मी काहीच पुसून टाकत नाही, ही माझी पाइपांच्या काळापासूनची सवय.

मग मूळ काम. रक्त न मिळाल्याने गोळ्याचा चपटा झालेला भाग आणि वाटी यांच्यामधली रेघ मी कापागणिक ओढली. त्या आठवड्यात बाकीची कामं पुढे ढकलली. सांगाडा उभा राहिला, नवा खुबा बसवला, चालवला. छान. जिना, छान. खुर्ची, छान. मग खुर्चीवरच्या त्या कटोऱ्याला तसाच ठेवून मी उजवी मांडी वर उचलली, वहिनींचा गुडघा जिथे येतो तिथपर्यंत. पोचायच्या आधीच लाल. वाटीचा कोन बदलला, गोळा एक माप मोठा घेतला. तरी लाल. सर्जनचं बरोबर होतं.

उठून मी दुधाचं पातेलं गॅसवरून उतरवलं, दोरीवरचे वाळलेले कपडे काढले, परत येऊन बसले. आणि तेव्हा डोक्यात आलं की मी चूक करते आहे. मी कंबर खुर्चीवर ठेवली होती आणि पाय जमिनीवर बसवला होता. अशी कोणी बसत नाही. जमिनीवर बसताना आधी कंबर मागे कलते. सूप पाखडून झाल्यावर आपण आपल्याकडे कलतं करतो, तसा तो सगळा कटोरा मागे जातो, आणि त्याच्यासोबत वाटीचं तोंडही फिरतं. किती कलतो, हे खुर्चीच्या एक्स-रेवरून कळणारच नव्हतं. ते कळण्यासाठी वहिनींना त्यांच्या कामाच्या बैठकीत बसवून बाजूने एक्स-रे काढायला हवा होता.

तो काढलेला होता. "रद्द"मध्ये पडला होता.

मी तो परत बाहेर काढला. कटोरा त्या कलावर आणला, डावी मांडी आडवी टाकली आणि उजवा गुडघा हळूहळू वर नेला. जिथे आधी लाल झालं होतं, ती जागा गेली. गुडघा वहिनींच्या उंचीला पोचला. लाल नाही. धातू आणि धातूमध्ये चांगली फट. मी सगळे आकडे पहिल्यापासून परत तपासले, कारण मनासारखं उत्तर आलं की जास्त तपासावं. मग पुण्याला पाठवलं. तिथल्या इंजिनीयरने स्वतः वेगळं करून बघितलं आणि फोन केला. "ताई, जुळलं. पण मला सांगा, तुमच्याकडे पेशंट एक्स-रेच्या बाकड्यावर पंगतीला बसतात का?"

"मोठ्या माणसांसमोर पाय लोंबकळत ठेवत नाहीत आमच्याकडे," मी म्हटलं. म्हणताना मला फार बरं वाटलं.

सर्जन स्क्रीनवर भेटले. मी सांगाडा बसवून दाखवला.

"आमच्या नेहमीच्या हालचालींत ही बैठक नाही."

"नाही, सर. म्हणून मी घातली."

"गुडघा आत वळवा."

मी वळवला. लाल.

"बघा. माणूस तासन्‌तास एका जागी बसला की गुडघा आत पडतोच."

"बाहेर राहिला तर लागत नाही. तो बाहेरच राहील अशी बैठक करते."

"आणि उठताना? उठताना पुढे वाकणार. वाकवा."

मी वाकवला. पुन्हा लाल. हे मी आधी करून बघितलं नव्हतं. पण मॉडेलचा फायदाच हा, की माणसाला हात न लावता विचारता येतं. मी तिथल्या तिथे सांगाड्याखाली एक ठोकळा घातला आणि तो थोडा थोडा उंच करत गेले. वीतभर उंचीला लाल गेलं. उजवा गुडघा अजूनही कोपराखाली येत होता.

"वीतभर उंच चौरंग," मी म्हटलं. "उजवा पाय आत येऊ नये म्हणून पावलाजवळ एक पट्टी. उठताना धरायला डाव्या हाताला दांडी. मापं माझ्याकडे आहेत."

सर्जन पहिल्यांदा हसले. "चौरंग कोण करणार?"

"पेणला सुतारांना काय तोटा, सर?"

ते लगेच हो म्हणाले नाहीत. आधी स्नायू भरून येऊ देत, मी स्वतः तपासेन, मी म्हणेपर्यंत जमिनीकडे बघायचंही नाही, आणि हे याच पेशंटपुरतं. दुसऱ्या कोणी ऐकून करू नये. मला सगळं मान्य होतं. सरसकट "नाही"चं एका माणसापुरतं "बघू" झालं होतं.

वहिनी ऐकायला रोह्याला आल्या. मागच्या खोलीत त्यांना खुर्ची दिली. स्क्रीनवर त्यांचाच सांगाडा होता.

"माझं हाय हे?"

"तुमचंच."

"आतून एवढी बारीक हाय मी?"

"आतून सगळेच बारीक असतात, वहिनी."

त्या पुढे सरकल्या. जुना गोळा मी वेगळ्या रंगात ठेवला होता. "हा चपटा आलाय. असा गणपतीचा गुडघा आला तर मी परत पाठवते साच्याला." मग त्यांचं बोट गोळा आणि वाटीमधल्या रेघेवर थांबलं. "हे कोणी आखलं? मशीनने?"

"तेवढं मशीनला जमत नाही. मी आखलं."

"एवढं सगळं?"

"प्रत्येक कापावर."

वहिनी बराच वेळ त्या रेघेवरून नजर फिरवत राहिल्या. मूर्ती तपासताना फिरवतात तशी, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. "हात चांगला हाय तुझा," त्या म्हणाल्या. मला कामाबद्दल शाबासकी पुष्कळदा मिळालेली आहे. कंपनीत एकदा शालही मिळाली. पण वहिनी कोणाच्या रेघेला सहज चांगलं म्हणत नाहीत.

"करते ऑपरेशन," त्या उठता उठता म्हणाल्या. "चौरंग सागाचा हवा. पातळ फळीचा नको, कुरकुरतो."

ऑपरेशन झालं. वाटी ठरलेल्या कोनात बसली, सर्जननी नंतरचा एक्स-रे पाठवला तेव्हा मी तो माझ्या मॉडेलवर ठेवून बघितला. नंतरचे महिने वॉकर, काठी, व्यायाम. व्यायामांचा तक्ता मी करून कारखान्याच्या दारावर लावला, आणि वहिनींनी चुकवला तर कारागीर ओरडून आठवण करायचे. "काय रे, मूर्ती तुम्ही करता की मला घडवता?" त्या म्हणायच्या. पण करायच्या. सर्जननी तपासून परवानगी दिली तेव्हा कारखान्यात हंगाम सुरू झाला होता.

चौरंग सागाचाच झाला. मापं माझी, गुळगुळीत गोल कडा ही सुताराची कल्पना. वहिनी त्यावर पहिल्यांदा बसणार होत्या, त्या दिवशी मी पेणला गेले. पेणची सकाळ, उघड्या दारातून पुरेसा उजेड, शेडमध्ये ओळीने बिनडोळ्यांच्या मूर्ती. वहिनींनी दांडी धरली, सांगितलं होतं तशा टेकल्या. डावी मांडी आडवी. उजवा गुडघा त्यांनी हात न लावता वर घेतला. त्यांनी पाऊल पट्टीला लावलं आणि कोपर गुडघ्यावर ठेवून जरा दाबून बघितलं, जसं नवं जोतं पायाने दाबून बघतात.

मी मनात पाहत होते ते कटोरा, वाटी आणि त्यांच्यामधली फट. लाल कुठेच नव्हतं.

दीर शेजारी उभे राहून मूर्ती मोजायचं नाटक करत होते. वहिनींनी कुंचला बुडवला, टोक काढलं आणि पहिली रेघ ओढली. मग दुसरी. डोळा उघडला तसे कारखान्यातले सगळेच हातातलं काम सोडून बघायला लागले.

"काय बघताय सगळे? रंग वाळतायत तिकडे," वहिनी म्हणाल्या आणि दुसऱ्या डोळ्याकडे वळल्या.

आमच्या कंपनीच्या नेहमीच्या हालचालींत आता चालणे, जिना, खुर्ची यांच्यापुढे "जमिनीवरची बैठक" अशी एक ओळ आहे, आणि त्यासाठी वेगळा एक्स-रे मागवला जातो. ती ओळ माझी. पुण्याचा इंजिनीयर तिला अजून "पंगत" म्हणतो.

पण मला आठवतं ते चौरंगावरच्या त्या पहिल्या दिवशीचं. एक गिऱ्हाईक मूर्ती सांगायला आलं होतं. दांडी आणि पट्टी लावलेला तो चौरंग बघून त्याने विचारलं, "वहिनी, हे काय नवीन? सिंहासन?"

"आमच्या धाकटीने केलाय," वहिनी मान वर न करता म्हणाल्या. "ती हाडांची आखणी करते. रोह्याला."

मग त्यांनी कुंचला ठेवला. दांडी धरली, उजवा पाय पुढे, पाठ ताठ, आणि पुढे न वाकता उठून उभ्या राहिल्या, मी मॉडेलमध्ये उठवलं होतं तश्शा. माझ्याकडे बघितलं.

"बघितलंस ना? झालं समाधान? आता जा आणि सगळ्यांचा चहा टाक."